डोंगऱ्याचा वाटा

१

डोंगऱ्या सोमवारी गेला. बुधवारी दुपारी जयवंत तेंडोलकर सरांनी मला सामरवरणीला त्यांच्या घरी बोलावून घेतलं आणि मी नीट बसायच्या आधीच म्हणाले, "मालतीबाई, तो मेला नाही. त्याला मारलं."

ओसरीवर त्याची जागा तशीच होती. त्याला थंडावा म्हणून अंथरलेलं ओलं गोणपाट वाळून कडक झालं होतं. कूलर त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून अजून चालूच होता. बंद करायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सिल्वासातल्या मराठी शाळेत सर इतिहास शिकवायचे आणि मी विज्ञान. वर्गात काही हरवलं की मुख्याध्यापक मला पुढे करायचे. मी मुलांवर ओरडत नसे, शेजारी बसून बोलत असे, आणि बहुतेक वेळा वस्तू सापडत असे. एवढ्याच भांडवलावर सरांनी मला बोलावलं होतं.

डोंगऱ्या साधा कुत्रा नव्हता. हिमालयातले मेंढपाळ बिबट्यापासून कळप राखायला जे दांडगे, केसाळ कुत्रे पाळतात, त्या जातीचा. काळाभोर. बसला तरी डोकं माझ्या कमरेच्या वर. सरांचा मुलगा प्रथमेश उत्तराखंडात रस्त्याच्या कामावर होता, त्याने ते पिल्लू रजेवर येताना कुशीत आणलं. पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर दरड कोसळली. प्रथमेश आला नाही, पिल्लू मात्र वाढत राहिलं.

"डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं निकामी झाली. काहीतरी विषारी पोटात गेलंय," सर म्हणाले. "शुक्रवारी ओकायला लागला. शनिवारी उठेना. आणि ते कुणी घातलं, तेही मला कळलंय."

टेबलावर एक कागद होता. पोलीस चौकीच्या नावाने अर्ज. अक्षर वेडंवाकडं, पण सरांचंच.

"तुमचा हात चालायला लागला?" मी विचारलं. गेल्या वर्षी झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात लुळा होता.

"गेल्या आठवड्यापासून. पहिलं लिहिलं ते हे." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "उद्या सकाळी चौकीत देणार. नाव वाचा."

मी वाचलं. सरुबाई. या घरात स्वयंपाक करणारी, डोंगऱ्याचा भात शिजवणारी.

२

"सरुबाईच का?" मी विचारलं.

सर शिकवायच्या सुरात आले. दुःखातही तो सूर त्यांना सुटला नव्हता, उलट त्याच्याच आधाराने ते उभे होते.

"मालतीबाई, राखण करणाऱ्या कुत्र्यांवर मी पुस्तक लिहितोय, तुम्हाला माहीत आहे. हात गेल्यापासून मी सांगायचो आणि सुमन लिहून घ्यायची. इराकातल्या प्राचीन निनेवेच्या राजवाड्यात मातीचे छोटे कुत्रे पुरलेले सापडले, प्रत्येकाच्या अंगावर नाव कोरलेलं. एकाचं नाव काय? 'विचार करू नको, चाव!' जाड मानेचे, लोंबत्या ओठांचे कुत्रे दोरीने धरलेली माणसं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. पुढे ग्रीकांकडे, रोमनांकडे तसेच कुत्रे दिसतात. सगळ्यांचं मूळ तिबेटात, असं जुने लोक छातीठोकपणे सांगायचे. आताचे शास्त्रज्ञ तेवढं मानत नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी रक्तातून शोधली. विरळ हवेत जगायची ताकद या कुत्र्याला तिथल्या लांडग्याकडून मिळाली. कधीतरी बर्फात दोघांचं रक्त मिसळलं, म्हणून हा उंचावर टिकला."

"आणि आपण त्याला इथे आणला," आतून आवाज आला. सुमन दारात उभी होती. सरांची बायको, माझी जुनी मैत्रीण. डोळे कोरडे. गळ्यात तुळशीची माळ. "या उन्हात."

सरांनी कूलरकडे पाहिलं. मग पुढे म्हणाले, "मुद्दा असा. हा कुत्रा परक्याच्या हातचं खात नाही. प्रथमेशने पहिल्या दिवसापासून तशी सवय लावली होती. जमिनीवर पडलेलं तर तो हुंगायचाही नाही. या जगात तिघांच्या हातचं तो खायचा. माझ्या, सुमनच्या आणि सरुबाईच्या."

"म्हणून उरली सरुबाई."

"आणि तिची भाषा ऐका! मी विचारलं, काय घातलंस? तर म्हणते कशी, देवानं खाल्लं त्याला! माझा कुत्रा तडफडून जातो आणि ही बाई देवावर ढकलून मोकळी होते. सुमनसमोर म्हणाली. विचारा."

मी सुमनकडे पाहिलं. ती नुसती पदर चाचपत राहिली.

"तिच्या नरोलीच्या खोलीमालकालाही मी कळवलंय," सर म्हणाले. "उद्या अर्ज गेला की खोली रिकामी करायला लावतो म्हणाला. चार घरची कामं आहेत तिची. तीही सुटतील. सुटू देत."

"सर, मला उद्या सकाळपर्यंतचा वेळ द्या."

"घ्या. पण बोलता बोलता तिला सोडवू नका."

३

आधी शेजारच्या ललितकडे गेले. खडोलीच्या प्लास्टिक कारखान्यात सुपरवायझर. डोंगऱ्याच्या भुंकण्यावरून त्याने सोसायटीत दोनदा तक्रार केली होती.

"मॅडम, माझ्यावर डाउट आहे काय?" तो हसला, मग हसू आवरलं. "तक्रार केली, खोटं कशाला बोलू? माझी नाइट असते. दिवसा झोपायचं, तर हा ढगासारखा गडगडणार. पण विष? एकदा दोस्ती करायला बिस्किट टाकलं होतं मी. त्याने बिस्किटाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून मी मागल्या गल्लीने जातो. बायको आजपण चिडवते, कुत्र्याने बिस्किट नाही खाल्लं, तुमचा माज खाल्ला."

"गेल्या आठवड्यात काही वेगळं दिसलं?"

"गुरुवारी दिसलं. म्हणजे दिसलं नाही. संध्याकाळचा तो भुंकतो ना रोज, त्या दिवशी एकदम शांत. मला वाटलं, पोट भरलंय साहेबाचं."

ते मी मनात ठेवलं. गुरुवारी.

दुसरा कल्पेश. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची पिल्लं विकतो. डोंगऱ्यासाठी त्याने सरांचा उंबरा झिजवला होता, आणि सरांनी दर वेळी दार लावून घेतलं होतं.

"मालतीबेन, तो मरावा असं मला कशाला वाटणार?" त्याने हात जोडले. "मला तर त्याची पिल्लं पाहिजे होती. ह्या जातीची मादी वर्षातून एकदाच माजावर येते, बाकी कुत्र्यांसारखी दोनदा नाही. जंगली रक्त ना! माझी मादी तयार होती. मी सरांच्या पाया पडलो. सर म्हणाले, माझ्या मुलाची आठवण मी भाड्याने देत नाही. मग मी काय बोलणार?"

"शेवटचा कधी गेला होतात?"

"बुधवारी. आणि बेन, एक सांगू? सरांना पण सांगितलंय. तुमची ती खानदेशी बाई मागच्या दाराशी आली. पदराखालून पुडी काढली, चांगली मोठी, आणि गुपचूप आत दिली. मला बघून दचकली."

"कुणाच्या हातात दिली?"

कल्पेश गोंधळला. "हात दिसला नाही. दार अर्धं लोटलेलं होतं. पण लपवायची गोष्ट होती, एवढं नक्की."

मी नरोलीची रिक्षा धरली. सरुबाईविरुद्ध आता एक पुडी होती आणि एक वाक्य होतं.

४

नरोलीत कारखान्यांच्या मागे खोल्यांची लांब रांग आहे. शिफ्ट सुटल्यावर नळावर गर्दी होते. मी गेले तेव्हा बायका बोलता बोलता थांबल्या. सरुबाईच्या दारासमोरची जागा तेवढी मोकळी होती. बातमी माझ्या आधी पोहोचली होती.

ती शहाद्याकडची. नवरा नाही. भाऊ दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत कामाला. एरवी ती आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करते, घाबरली की तिची अहिराणी वर येते.

"बसा बाई." तिने पाणी दिलं. वाटीत मूठभर मनुका ठेवल्या. रिकामं पाणी ती कुणाला देत नाही. "तुम्ही बी मला इचाराले आल्या?"

"विचारायला आले, सरू. ठरवायला नाही."

"मी काय बी नई टाकं त्याच्या भातात. त्याच्या केसात हात घालून बसायची मी, दुपारची. माझ्या खोलीत पंखा नई चालत, त्याच्या कूलरपुढं आम्ही दोघं बसायचो." तिने डोळे पुसले. "मला का त्याले मारनं व्हतं?"

"बुधवारी पुडी कसली दिलीस?"

तिने दाराकडे पाहिलं. बाहेर नळाचं पाणी वाहत होतं, कुणी बंद करत नव्हतं. सगळ्यांचे कान इकडे.

"ती गोष्ट मी सांगाव नही," ती म्हणाली. "शब्द देयेल शे."

"कुणाला?"

मान हलली. नाही.

"सरू, उद्या अर्ज जाईल. ही खोली जाईल. एवढा कुणाचा शब्द राखतेस?"

"जाऊ दे. शब्द मोडला तर दुसऱ्याचं पुण्य जाईल. ते पाप मी घेऊ का?"

मी हळूच विचारलं, "सर म्हणतात, तू म्हणालीस, देवानं खाल्लं त्याला."

तिने झटकन मान वर केली. "असं कधी म्हटलं मी? देवाले असं कोन म्हनंल? मी म्हटलं, देवनं खादं त्यानी."

"तेच ना?"

"तेच कसं?" ती म्हणाली, आणि एकदम पदर तोंडावर धरला. जणू नको ते सांडलं. मग तिने मला हाताला धरून उठवलं, दारापर्यंत आणलं आणि दार लावून घेतलं.

५

रिक्षात बसल्यावर ते वाक्य माझ्या कानात तसंच राहिलं. देवनं खादं त्यानी.

माझ्या वर्गात खानदेशातून आलेल्या कामगारांची मुलं असत. पहिल्या वर्षी मला काही कळत नसे. 'मनं दप्तर' म्हणजे माझं दप्तर. 'बापनं वावर' म्हणजे बापाचं शेत. आपण जिथे 'चं' म्हणतो, तिथे ती मुलं 'नं' म्हणत. देवाने केलं असं म्हणायचं असेल, तर सरू 'देवनी' म्हणाली असती. ती म्हणाली 'देवनं'. देवाचं.

देवाचं खाल्लं त्याने.

सर मालवणचे, त्यांच्या कानाला ते 'देवानं' लागलं, मग 'त्यानी'चं आपोआप 'त्याला' झालं. ती बिचारी खरं तेच सांगत होती, आणि त्यांना ते निर्लज्ज वाटलं.

मग पुढचं आपोआप उलगडत गेलं, आणि ते उलगडू नये असं मला वाटत राहिलं. देवाचं कुत्र्याला कोण घालतं? दत्ताच्या पायाशी कुत्रे असतात. दत्ताचा वार गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी डोंगऱ्या पोट भरून गप्प पडला, शुक्रवारी ओकायला लागला. त्या घरात गुरुवार करणारं एकच माणूस होतं. पुडी मागच्या दाराने आली ती कुत्र्यासाठी नव्हे, देवघरासाठी. आणि सरूने शब्द दिला होता, कारण मनात धरलेलं व्रत बोलून दाखवलं की त्याचं पुण्य जातं, असं मानतात. मीसुद्धा माझे रोजचे नेम कुणाला सांगत नाही. कधी कुणी विचारलं तरी हसून टाळते.

विष कुणी घातलं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. त्याला प्रेमाने काय घातलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

पुडीत काय होतं? ते मी नुकतंच वाटीत पाहिलं होतं.

मी डॉक्टर ओंकारांना फोन लावला. डोंगऱ्यावर त्यांनीच उपचार केले होते.

"डॉक्टर, कुत्र्याला मनुका चालतात का?"

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "किती?"

"समजा, मोठी पुडीभर."

"मॅडम, द्राक्षं, मनुका कुत्र्यांना विषच. एखाद्याला थोड्याने काही होत नाही, एखादा थोड्यातच जातो. मूत्रपिंडं बंद पडतात. मी सरांना विचारलं होतं, भाताशिवाय काही खाल्लं का? ते ठामपणे नाही म्हणाले."

"सुमनताईंना विचारलंत?"

"त्या मागे उभ्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "त्या काही बोलल्या नाहीत. मलाही सुचलं नाही."

६

दिवेलागण झाली होती. सर ओसरीवर होते. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. सुमन जमिनीवर बसून मनुकांचे देठ काढत होती. पुढे मोठी परात, अर्धी भरलेली.

"बस गं," ती म्हणाली. "उद्या गुरुवार. गल्लीतल्या कुत्र्यांना घालीन म्हणते. त्याच्या नावाने."

येताना वाटेत मी ठरवलं होतं की सरांना बाजूला घेईन आणि कसला तरी आजार होता असं सांगेन. सरू सुटेल, सुमनला कळणार नाही. खोटं बोलले असते तर देवाने मला माफ केलं असतं, असंही मी स्वतःला समजावलं होतं. त्या परातीने ते सगळं पुसून टाकलं. गल्लीत चार-पाच कुत्री होती, एक तर गाभण.

मी परात हळूच माझ्याकडे ओढली.

"सुमन, तू त्याला दर गुरुवारी नैवेद्य घालत होतीस?"

तिचा हात थांबला. "तुला सरूने सांगितलं?"

"सरूने नाही सांगितलं. खोली जायची वेळ आली तरी नाही."

तिने हातातला देठ बाजूला ठेवला. मग तुळशीचे मणी बोटांत फिरवत म्हणाली, "त्यांचा हात चालावा म्हणून धरलं होतं. त्यांनीच एकदा लिहायला सांगितलं होतं, तिबेटातल्या मठांच्या दारात हे कुत्रे बसत, आणि मठातलं उरलेलं सातूचं पीठ त्यांना मिळे. माझ्या मनात आलं, हा देवाच्या दारचा राखण्या. देवाचा वाटा याला मिळायलाच हवा. दर गुरुवारी चार मनुका घालायचे. माझ्या तळव्यातून अलगद उचलायचा गं, दात लागू द्यायचा नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी पेन धरलं. मग उद्यापन केलं. सरूच्या भावाने चांगल्या मनुका पाठवल्या होत्या. सगळा नैवेद्य त्यालाच घातला. इतका खूश झाला..."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलले नव्हते. पण परात माझ्या मांडीवर होती, आणि मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"मालती," ती म्हणाली. "परात का घेतलीस?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, जास्त काही नाही.

ती रडली नाही. उठली, हात धुतले, पुन्हा धुतले. तेव्हा मला दिसलं की सर दारात उभे आहेत. कधीपासून, ते मला विचारवलं नाही.

"मी," सुमन त्यांना म्हणाली. एवढंच.

सर चौकटीला टेकले. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला, अनोळखी वस्तू धरावी तसा. "या हातासाठी?" ते म्हणाले. मग, "मठाचं मीच सांगितलं होतं. निनेवे सांगितलं, रोम सांगितलं, तो लांडगा सांगितला. त्याला काय चालत नाही, ते कधी शोधलंच नाही. इतक्या सगळ्यांत ते नव्हतं."

 माझ्या मांडीवरची परात सुमनने उचलली आणि मागच्या अंगणात नेली. तिने खड्डा खणला. सर डाव्या हाताने माती ओढत होते.

७

सकाळी आम्ही तिघं नरोलीला गेलो. अर्ज सरांनी नेला नव्हता, पण चौकीत न गेल्याने काही पुसलं जात नव्हतं. खोलीमालक दारात उभा होता. सरूने भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. आदल्या दिवसासारखीच नळावर गर्दी होती, आणि आदल्या दिवसासारखीच ती बोलता बोलता थांबली.

मला भीती होती ती सुमनची. वाटेत तिने एक शब्द काढला नव्हता. सगळ्यांसमोर तिला 'माझ्या हातून गेला' असं म्हणावं लागणार होतं, आणि ती म्हणेल अशी तिच्या चेहऱ्यावर तयारी होती. ती पुढे झाली. सरांनी तिला खांद्याने मागे सारलं.

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा त्यांचा आवाज होता. तो त्यांनी काढला.

"सरुबाईंनी काही केलेलं नाही. मी खोटा आळ घेतला. कुत्रा आमच्या हातून गेला. चुकून, पण आमच्याच हातून."

आमच्या, म्हणाले. सुमनने त्यांच्याकडे पाहिलं.

"एवढ्याचसाठी एवढा तमाशा?" खोलीमालक पुटपुटला. कुणी हसलं नाही. नळावरची एक म्हातारी त्याला म्हणाली, "तू जा रे, तुझं भाडं आलंय ना," आणि तो गेला.

सरू उंबऱ्यात उभी होती. सर हात जोडायला गेले, उजवा हात वर येता येता लटपटला. तिने ते होऊ दिलं नाही.

"राहू द्या सर. आत या. उन्हात नका उभं राहू."

आत एकच खाट. तिने सुमनला तिच्यावर बसवलं आणि स्वतः खाली, तिच्या पायाशी बसली. पंखा फिरत नव्हता. सरूने वहीचा पुठ्ठा घेतला आणि सुमनला वारा घालत राहिली.  मग सुमनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थांबेना, आणि तिने ते पुसलंही नाही.

"सरू," ती शेवटी म्हणाली, "उद्यापासून येशील ना?"

सरूचा हात थांबला.  माझ्यासारखं टाळायला तिला येत नव्हतं.

"नई ताई," ती म्हणाली. "त्या ओसरीवरून आत जायला माझे पाय नई उचलायचे. राग नका मानू." तिने पुन्हा पुठ्ठा हलवायला सुरुवात केली. "मी नई येणार. तुम्ही येत जा."